डावं-उजवं

टायवाल्याने मखमली ट्रेमध्ये दोन घड्याळं मांडली, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला. हे महागड्या घड्याळांचं दुकान होतं. इथे विक्रेत्याने माल पुढे करायचा नसतो, मालाच्या आड येऊ नये इतपत लांब राहायचं असतं.

चष्मेकाकांनी डावं उचललं, कानाला लावलं, तळहातावर तोललं आणि ठेवलं. मग उजवं उचललं, कानाला लावलं, तोललं आणि ठेवलं. मग दोन्ही हातांत दोन्ही घेऊन ते तराजूसारखे उभे राहिले. हा कार्यक्रम कित्येक महिने चालला होता. टायवाला सुरुवातीला चहा घेणार का विचारायचा, पुढे न विचारताच आणायला लागला, आणि हल्ली काका दारात दिसले की चहाच्या आधी त्याचा सुस्कारा यायचा.

"डावं जरा जाड आहे," काका म्हणाले.

"आहे."

"पण उजव्याचं कडं फिरवताना जास्त जोर लागतो."

"लागतो."

"म्हणजे बघायला गेलं तर दोन्ही सारखीच."

"बाकी सारखीच, काका. मुख्य फरक काय तो तुमच्या समोरच आहे."

काकांनी जाणत्या माणसासारखी मान हलवली. हे वाक्य टायवाला दर वेळी म्हणायचा आणि काका दर वेळी मान हलवायचे. मुख्य फरक म्हणजे पट्ट्याचं बक्कल असणार, असा त्यांचा अंदाज होता. विचारायची मात्र सोय नव्हती. ज्याने आयुष्यभर लोकांना 'दिसतंय का' असं विचारलं, त्याने 'कुठे आहे हो फरक, दिसत नाही' म्हणायचं म्हणजे जरा अवघडच.

काकांचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर, औषधांच्या दुकानासमोर होतं. पुढच्या बाजूला काउंटर. तिथे काकू फ्रेमा बसवून द्यायच्या, कानामागच्या दांड्या वाकवायच्या आणि आरशात बघणाऱ्या प्रत्येकाला 'शोभून दिसतो' असं सांगायच्या. मागे पडद्याआड अंधारी खोली. तिथे तपासणीची उंच खुर्ची, समोर भिंतीवर दिव्याची पेटी आणि तिच्यावर अक्षरांचा तक्ता, आणि खुर्चीशेजारी काकांचं गोल स्टूल. इतर ठिकाणी सत्ता खुर्चीत असते. इथे खुर्चीत गिऱ्हाईक बसायचं आणि सत्ता स्टुलावर असायची.

स्टुलावर बसून काका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा सरकवायचे. "ही बरी की ही?" गिऱ्हाईक घुटमळलं की म्हणायचे, "अहो, स्थळ नाही विचारलं, काच विचारली. दिसेल ते सांगा आणि मोकळे व्हा."

अशा झटपट माणसाला घड्याळाचं वेड लावलं ते एका पाणबुड्याने. हा माणूस पोटापाण्यासाठी खरोखर पाण्याच्या पोटात जायचा, पुलांचे पाये तपासायला. पाण्याखालच्या मुखवट्यात नंबरच्या काचा बसवून घ्यायला तो आला आणि त्याच्या मनगटावर ते जाडजूड यंत्र काकांना दिसलं. तबकडीभोवती एक दातेरी कडं होतं. पाणबुड्याने समजावलं, की बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे आत किती वेळ झाला ते कळतं. आणि हे कडं एकाच दिशेला फिरतं. खडकावर आपटून सरकलंच, तर वेळ जास्त झाला असं दाखवेल, कमी झाला असं कधीच नाही. माणूस घाबरून लवकर वर येईल, पण बुडणार नाही.

काका भारावून गेले. 'अजून भरपूर वेळ आहे' असं खोटं कधीच न सांगणारी वस्तू त्यांनी घरात, दुकानात किंवा नातेवाइकांत आजवर पाहिली नव्हती. ते स्वतः पाण्यात कमरेच्या पुढे कधी गेले नव्हते, पण त्याने काय बिघडतं? तिजोरी घेणारे सगळेच काही दरोडेखोर ओळखीचे असतात म्हणून घेत नाहीत. पैसे साठवलेले होते. किंमत सांगताना काकूंपासून त्यांनी एक शून्य पाण्याखाली ठेवलं, आणि उत्साहाच्या भरात मुलीला शब्द देऊन टाकला. "ते घड्याळ या मनगटावर चढलं ना भिंगरे, की स्टूल तुझं. मी निवृत्त."

मुलीचं नाव काहीही असो, लहानपणी ती दुकानात सारखी गोल फिरायची आणि भिंगांच्या दुकानातली म्हणून भिंगरी झाली, ती झालीच. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेऊन ती आली होती आणि तेव्हापासून काउंटरवर आईला फ्रेमा काढून देत होती. काका टायवाल्याकडे गेले की तेवढ्यापुरतं तिला स्टूल मिळायचं. त्या दोन घड्याळांचं काही ठरत नव्हतं, त्याच्या जिवावर तिचा सराव मात्र चालला होता.

आता मात्र प्रश्न वेगळ्या वळणावर आला होता. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तिला जायचं नव्हतं. हे दुकान, ही गल्ली, चष्म्यावर बसून चष्मा मोडणारी ही माणसं तिला आवडायची. पण बापाच्या स्टुलाकडे बघत केस पांढरे करायचेही नव्हते, आणि हे तिने काही आडवळणाने सांगितलं नव्हतं.

"बाबा, घड्याळाचं काय झालं?" काका परत आले की ती विचारायची.

"बघतोय. डावं-उजवं ठरत नाही."

"त्याचं कडं एकाच बाजूला फिरतं म्हणता ना? तुम्ही मात्र दोन्हीकडे फिरता. महिना संपत आलाय."

"महाग वस्तू आहे. घाई करून चालत नाही."

"फिरू दे त्यांना," काकू एका फ्रेमचा स्क्रू पिळत म्हणाल्या. "मला लग्नाचं विचारायलाही असाच वेळ लावला होता. शेवटी मीच विचारलं."

"विचार करत होतो."

"माझी उंची मनात मोजत होता. नंतर तुम्हीच सांगितलंत."

काकांची तब्येत तशी ठणठणीत होती. वर्षभरापासून तर त्यांना पेपर वाचायला चष्माही लागत नव्हता, आणि हे ते भेटेल त्याला सांगायचे. हेच एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं, तर काकांनी त्याचा आनंद जागच्या जागी मोडला असता. 'हुरळू नका. मोतीबिंदू व्हायला लागला की डोळ्यातलं भिंग बदलतं. जवळचं काही दिवस छान दिसतं, मग सगळंच धूसर.' जन्मभर हे त्यांनी कितीकांना ऐकवलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते रोज सकाळी फिरायला जाण्याचं फळ होतं.

हल्ली ते काळ्या फ्रेमांच्या खणात निळ्या फ्रेमा टाकायचे. काकू संध्याकाळी मुकाट्याने त्या निवडून काढायच्या. चित्त घड्याळात, हाताला कुठून भान राहणार, असा त्यांनी नवऱ्याच्या बाजूने निकाल लावून टाकला होता. संसारात असे निकाल पुराव्याशिवाय लागतात.

महिना आणखी सरला तशी काकूंनी एका दुपारी पर्स उचलली. "चला. आज मी येते. बघू तरी कुठलं एवढं नडलंय."

टायवाल्याने काकूंना बघून खुर्ची दिली, चहा मागवला आणि ट्रे मांडला. त्याच्या चेहऱ्यावर आज बऱ्याच दिवसांनी आशा होती.

काकूंनी ट्रेकडे बघितलं. "हे निळं छान आहे. हे घ्या."

"कुठलं निळं?" काका म्हणाले.

"हे. उजवीकडचं."

काका हसले. काकूंना थट्टेची सवय होती आणि टायवाल्यासमोर नवऱ्याची फिरकी घेणं हा त्यांच्या थट्टेतलाच प्रकार होता. "बरं, आणि डावं काय, पिवळं?"

"डावं काळं."

"दोन्ही काळीच आहेत."

काकूंनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने छताकडे पाहिलं. छतात दिवे छान बसवले होते.

"हो का?" काकू सावकाश म्हणाल्या. "मग राहू दे आज. चहा घ्या तुमचा."

परत येताना रस्ताभर त्या काही बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, शून्याचं प्रकरण बाहेर आलं. म्हणून तेही गप्प राहिले. दुकानात शिरल्यावर काकू सरळ भिंगरीकडे गेल्या आणि हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलल्या. भिंगरीने ऐकून घेतलं, एका खणातून एक फ्रेम काढली, दुसऱ्या खणातून दुसरी, आणि दोन्ही वडिलांच्या पुढ्यात ठेवल्या.

"बाबा, यातली निळी कुठली?"

"आज तुम्हा दोघींना झालंय काय? दोन्ही काळ्या आहेत."

"आत या. खुर्चीत बसा."

"मी कशाला खुर्चीत बसू? मी स्टुलावर बसतो."

"आज स्टुलावर मी आहे."

काका खुर्चीत बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांना तिच्यात बसवलं, पण ही किती उंच आहे आणि तिच्यात पाय कसे लोंबकळतात, हे त्यांना आजच कळलं. भिंगरीने दिवा घालवला. तिने त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि डावा डोळा झाकला.

"शेवटची ओळ वाचा."

तिने दिव्याच्या पेटीत फक्त शेवटची ओळ उजळली होती. काकांना तिथे मुंग्यांची एक रांग दिसली, तीही धुक्यातून चाललेली. पण तक्ता त्यांचा होता, आणि मुंग्यांची नावं त्यांना पाठ होती. अंधारात माणूस थोडा निर्लज्ज होतो. ते घसा साफ करून म्हणाले, "न, र, ल, घ, म, ट." वर दाद मिळावी म्हणून 'ट'वर जरा थांबलेही.

भिंगरीने एकदा पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तक्ता तुमचा पाठ आहे. पण हा तो तक्ता नाही, बाबा."

"मग?"

"हा पोरांचा तक्ता."

तो तक्ता काकांनीच आणला होता. शाळकरी मुलं पडद्याबाहेर थांबून आधीच्या मुलाचं ऐकत आणि आत येऊन घडाघडा म्हणत, म्हणून लबाडांसाठी एक दुसरा तक्ता ठेवलेला असे. आजवर त्याने बरेच लबाड पकडले होते. एवढ्या वयाचा हा पहिलाच.

काकू पडदा धरून उभ्या होत्या. मग खुर्चीतून हसू आलं. आधी बारीक, मग खुर्ची कुरकुरण्याइतकं.

"काय लिहिलंय तरी तिथे?"

"प, ख, स, व, ग, ज."

"एक तरी बरोबर आलं असतं तर बरं वाटलं असतं," काका डोळे पुसत म्हणाले. "मोतीबिंदू?"

भिंगरीने बारीक टॉर्च धरून दोन्ही डोळ्यांत बघितलं. "दोन्हीकडे. उजव्यात जास्त. भिंग पिवळं पडलंय, म्हणून गडद निळं काळं दिसतं. पेपर बिनचष्म्याचा वाचायला लागलात तेव्हाच मी म्हटलं होतं, एकदा बघू द्या. तुम्ही म्हणालात, फिरायला जातो."

"जातोच."

"जा की. फिरण्याने मोतीबिंदू जात नाही एवढंच."

त्यांच्याच आवाजातलं, त्यांनीच शंभरांना ऐकवलेलं हे बोलणं होतं. काका खुर्चीतून उतरले आणि सवयीने स्टुलाकडे वळले. भिंगरी स्टुलावर होती. त्यांना येताना बघून तीही सवयीनेच अर्धी उठली.

त्या एका क्षणात काकांना बरंच काही दिसलं, आणि तेही चष्म्याशिवाय. घड्याळ ठरत नव्हतं, कारण ते ठरलं असतं तर हे स्टूल सोडावं लागलं असतं. जाडी, वजन, कडं, बक्कल, हे सगळे मुद्दे त्यांनी टायवाल्यापुढे मांडले होते खरे, पण खरा मुद्दा इथे, स्टुलावर बसून होता. त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं.

"बस. बसली आहेस तशी बस."

"पण घड्याळ?"

"ते दिसायला लागलं की घेईन. ज्याला दोन्ही काळी दिसतात, त्याने इथे बसून लोकांना काय विचारायचं? तू हॉस्पिटलला कळवून टाक."

"काय कळवू?"

"की दुकानात जागा रिकामी झाली."

भिंगरीने खाली बघून तपासणीची चौकट डब्यात ठेवली. ठेवायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. काकूंनी पडदा सोडला आणि बाहेर जाऊन उगाचच एक स्वच्छ आरसा पुसला.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात झाली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली तेव्हा काकांनी पहिली तक्रार केली ती भिंतीबद्दल. हॉस्पिटलच्या भिंती क्रीम रंगाच्या आहेत अशी त्यांची खात्री होती, त्या ऐनवेळी पांढऱ्या निघाल्या. घरी आल्यावर काकूंच्या केसांकडे बघून ते म्हणाले, "हे एवढे कधी पिकले?" त्यावर काकूंनी 'तुम्ही घड्याळं बघत होता तेव्हा' असं सांगून विषय संपवला.

डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळताच ते टायवाल्याकडे गेले. ट्रे आला. डावीकडे काळं घड्याळ होतं, कोळशासारखं गुळगुळीत. आणि उजवीकडे असं निळं, की काकांना वाटलं आत कुणी दिवा लावून ठेवलाय. पाण्याकडे वरून बघावं आणि तळ लागू नये, तसं. त्यांनी ते उचललं, आणि या वेळी कानाला लावलंच नाही.

मग जरा रागावून म्हणाले, "हे निळं आहे."

"हो."

"इतके महिने तुम्ही बोलला नाहीत."

"काका, मी दर वेळी म्हणायचो, मुख्य फरक समोरच आहे. तुम्ही मान हलवायचात. डोळ्यांच्या माणसाला रंग काय सांगायचा?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मीही सांगितला नसता. उजवं द्या."

टायवाल्याने पावती करताना पहिल्यांदाच चहाचा दुसरा कप विचारला, आणि तो सुस्कारा न टाकता.

घड्याळ मनगटावर चढल्यावर काकांना एक शोध लागला. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता. त्यामुळे डावा डोळा मिटून बघितलं की घड्याळ निळं, आणि उजवा मिटून बघितलं की काळं. इतके महिने दोन घड्याळांत एक निवडता आलं नाही, आणि आता एकाच घड्याळात दोन्ही हाती लागली होती. ते दिवसभर एक डोळा मिटत आणि दुसरा उघडत बसले. समोरच्या औषधवाल्याच्या बायकोने दुपारनंतर आपल्या काउंटरची जागा बदलली.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतलीय," भिंगरी म्हणाली.

"एवढी काय घाई? जरा वापरू दे की दोन्ही."

"बाबा, औषधवाल्या काकू आईला विचारून गेल्या, यांना बरं आहे ना म्हणून."

"मी घड्याळ बघत होतो."

"ते त्यांना कसं कळणार? तारीख पक्की आहे. आणि त्याआधी तुमचा उजव्या डोळ्याचा नंबर काढायचाय. बाकावर बसा, दोन गिऱ्हाइकं झाली की बोलावते."

"माझ्या दुकानात मी बाकावर?"

"बाकावर," काकू म्हणाल्या.

काका बाकावर जाऊन बसले. तेवढ्यात निवृत्त हेडमास्तर आले. या गृहस्थांनी गावातल्या अर्ध्या पोरांना छडी दाखवली होती आणि आपले डोळे मात्र आजवर फक्त काकांना दाखवले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्या फटीतून दिसणाऱ्या स्टुलावरच्या पाठमोऱ्या मुलीकडे पाहिलं आणि छत्री घट्ट धरली.

"तुम्ही बाहेर कसे? आम्हाला तुमच्याकडूनच नंबर काढायचाय."

"मी आता काढत नाही."

"म्हणजे ही काढणार? चौथीत हिला आठाचा पाढा येत नव्हता, माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "पण मला म्हणाली तसं 'बाकावर बसा' असं ती तुम्हाला म्हणाली असती, तर तुम्हीही बसला असता. मीही इथे नंबर लावूनच बसलोय."

"तुम्ही? हिच्याकडे?"

"माझ्या उजव्या डोळ्यात काय आहे ते तिने शोधलं. मी वर्षभर त्याच डोळ्याने आरशात बघत होतो."

हेडमास्तरांनी हे थोडा वेळ चघळलं. ते बाकावर काकांच्या शेजारी टेकले, पण छत्री काही सोडली नाही. काकूंनी तोवर काउंटरवरून पुसायच्या चष्म्यांचा एक ट्रे आणि मऊ फडकं आणून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "बसल्या बसल्या एवढं होऊ दे." काकांनी घड्याळाचा हात जरा वर घेतला, ओरखडा नको म्हणून, आणि पुसायला लागले.

"पुढचे," आतून आवाज आला.

"तुम्ही जा," हेडमास्तर म्हणाले. "तुमचा नंबर आधी आहे."

"तुम्ही जा. मला इथे काम लागलंय."

हेडमास्तर उठले, कोट सारखा केला आणि मैदानात उतरावं तसे आत गेले. पडदा पडला. काकांचं फडकं थांबलं. काकूंचा स्क्रूही थांबला.

"छत्री तिथे कोपऱ्यात ठेवा," आत भिंगरी सांगत होती. "पाठ टेकून सरळ बसा. मान हलवायची नाही. मी विचारेन तेवढंच सांगायचं, मधे बोलायचं नाही. समजलं?"

छत्री कोपऱ्यात टेकल्याचा आवाज आला.

"हो, बाई," हेडमास्तर म्हणाले.